इंजिन बदलल्यापासून गाडी सारखी तापतेय? नवा रेडिएटर घेण्याआधी हे बघा

रेडिएटरच्या वरच्या होजला (पाणी नेणाऱ्या रबरी नळीला) बोट टेकवत नव्हतं आणि खालचा होज मी मुठीत धरून उभा होतो. तापमानाचा काटा लाल पट्टीत. पंखा जोरात फिरत होता, कूलंट पूर्ण भरलेलं होतं, रेडिएटर कोरा करकरीत. इंजिन बदलल्यानंतरच्या चार महिन्यांत या गाडीला दोन रेडिएटर, दोन थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) आणि एक मोठा पंखा लावून झाला होता. तरी चढ लागला की दहा मिनिटांत काटा वर. तो कोमट होज हातात आल्यावर पहिल्यांदा नेमका प्रश्न पडला: इंजिनातलं पाणी इतकं तापलंय, तर ते रेडिएटरमधून फिरून खाली का येत नाहीये?

माझ्या गाडीचं कारण पुढे सांगतोच. त्याआधी एक गोष्ट, कारण बाकी सगळी तपासणी तिच्यावर उभी आहे. बसवलेलं इंजिन आपल्या मूळ गाडीत तापत नव्हतं आणि तुमची गाडीही मूळ इंजिनावर तापत नव्हती. मग बिघाड शोधायचा तो दोघांच्या जोडणीत. होज, बेल्ट, पुली, सेन्सर, अर्थिंग, हीटरचे पाइप, कूलंटच्या टाकीची उंची, बसत नाही म्हणून काढून टाकलेला एखादा पत्रा. इंजिन बसवताना जे जे कापलं, वळवलं, बंद केलं किंवा गाळलं, त्याची आठवून आठवून यादी करा. माझ्या यादीत अकरा गोष्टी निघाल्या आणि रेडिएटर त्यात नव्हताच.

गाडी खरंच तापतेय का?

हा प्रश्न बऱ्याच जणांना निरर्थक वाटतो, पण इंजिन बदललेल्या गाडीत तो सगळ्यात आधी यायला हवा. मीटर जुन्या गाडीचं आणि सेन्सर नव्या इंजिनाचा, अशी जोडी असेल तर काटा खरं सांगेलच असं नाही. साधारणपणे या सेन्सरचा रोध तापमान वाढेल तसा कमी होतो, आणि किती अंशांना किती रोध हे प्रत्येक सेन्सरचं वेगळं असतं. जुन्या मीटरला ९० अंशांना जेवढा रोध अपेक्षित आहे त्यापेक्षा नवा सेन्सर कमी देत असेल, तर गाडी ठीक असतानाही काटा वर चढतो. शिवाय थर्मोस्टॅटही इंजिनाप्रमाणे वेगळा असतो. कुठे तो ८२ अंशांना उघडायला लागतो, कुठे ९२ ला. पूर्ण उघडायला आणखी दहा-बारा अंश लागतात. म्हणजे ९२ चा थर्मोस्टॅट असलेलं इंजिन शंभरच्या आसपास चालत असेल तर तो आजार नाही.

हेडलाइट आणि पंखा चालू केल्याबरोबर काटा टुणकन वर उडतो का, तेही बघा. पाणी एका सेकंदात तापत नाही, त्यामुळे असा उडणारा काटा म्हणजे बहुतेक वेळा इंजिन आणि बॉडीमधलं खराब अर्थिंग. इंजिन बसवताना ती जाड पट्टी लावायची राहून जाते किंवा रंगावरच आवळली जाते.

खरं तापमान मोजायला इंजिनाचा कॉम्प्युटर वाचणारं स्कॅनर असेल तर उत्तम. नसेल तर इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, पण चकचकीत ॲल्युमिनियमवर नेम धरू नका. चकचकीत धातूवर तो खऱ्यापेक्षा बराच कमी आकडा दाखवतो. थर्मोस्टॅटच्या घरावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि त्यावर मोजा.

कधी तापते?

आता गाडी चालवा आणि लिहून ठेवा. उभी असताना आणि गर्दीत तापते, पण मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला की उतरते? मग रेडिएटरमधून हवा जात नाहीये, पंख्याकडे बघा. उलट, उभी असताना तासभर शांत आणि वेगात किंवा चढावर तापते? मग पाणी फिरण्यात किंवा वेगात हवा मिळण्यात खोट आहे. गार इंजिन चालू केल्यावर पाच-सात मिनिटांतच काटा वर, कधी एकदम खाली, पुन्हा वर? मग आत हवा किंवा गॅस आहे.

इथेच मोठ्या इंजिनाबद्दलचा गैरसमज दूर व्हायला हवा. "इंजिन दुप्पट ताकदीचं आहे, रेडिएटर पुरत नाही" हे वाक्य मला तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितलं. पेट्रोल इंजिनात जळलेल्या इंधनाच्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग कूलंटमध्ये जातो, त्यामुळे पूर्ण ताकद वापरली तर मोठं इंजिन जास्त उष्णता टाकणार, हे खरं. पण सपाट रस्त्यावर ताशी ७० ने गाडी ढकलायला किती ताकद लागते ते गाडीचं वजन, टायर आणि वारा ठरवतात. बोनेटखाली कोणतं इंजिन आहे याने त्यात फार फरक पडत नाही. तेव्हा सपाटीवर, हलक्या ॲक्सिलरेटरवरही गाडी तापत असेल तर रेडिएटरच्या आकाराला दोष देता येणार नाही. रेडिएटर कमी पडतोय असं म्हणायचं ते फक्त लांब चढावर, पूर्ण भाराखाली, बाकी सगळं तपासून झाल्यावर.

आत अडकलेली हवा

इंजिन बदललेल्या गाड्यांमध्ये मी स्वतः सर्वांत जास्त वेळा पाहिलेलं कारण हेच. कॅप रेडिएटरवर असो किंवा टाकीवर, ती जागा पाण्याच्या साऱ्या वाटेत सगळ्यात उंच असायला हवी, म्हणजे हवा आपोआप तिथे येते. नवं इंजिन थोडं उंच बसलं की पाणी बाहेर पडायचं त्याचं तोंड रेडिएटरच्या कॅपपेक्षा दोन बोटं वर जातं. मग कॅपपर्यंत पाणी काठोकाठ दिसतं आणि इंजिनाच्या डोक्यात हवेचा फुगा तसाच बसून राहतो. सेन्सर त्या फुग्यात असेल तर काटा कधी मुकाट खाली राहतो, कधी वाफ लागताच उसळतो. हीटर चालू केला तर गार वारा येतो आणि डॅशबोर्डच्या मागे पाणी खळखळल्याचा आवाज ऐकू येतो.

भरताना किती लिटर गेलं ते मोजा. इंजिन, रेडिएटर आणि हीटर मिळून ७ लिटर मावायला हवं आणि पाच लिटरलाच टाकी भरली असेल, तर उरलेल्या दोन लिटरच्या जागी काय आहे ते उघड आहे.

पुढची चाकं उंच करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, कूलंट बारीक धारेने ओता आणि वरचा होज हाताने दाबत राहा. इंजिनाच्या सर्वांत उंच ठिकाणी हवा सोडायचा स्क्रू असेल तर बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत तो सैल ठेवा. नसेल तर तिथून टाकीच्या वरच्या भागापर्यंत एक बारीक पाइप काढून घ्या. हा कायमचा उपाय आहे आणि पुन्हा पुन्हा चाकं उचलावी लागत नाहीत. जनरल मोटर्सची एलएस मालिकेतली व्ही-८ इंजिनं अशा अदलाबदलीत फार वापरली जातात. त्यांच्या हेडवर, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणावर, वाफ बाहेर काढायची छोटी तोंडं असतात आणि तिथून निघालेला पाइप रेडिएटरच्या वरच्या बाजूला किंवा टाकीला जोडायचा असतो. ती तोंडं बूच मारून बंद केलेली मी पाहिली आहेत. मग हेडमध्ये वाफ साठते आणि गाडी का तापते ते कुणालाच कळत नाही. थर्मोस्टॅटवर हवा जाण्यासाठी बारीक छिद्र किंवा हलणारी पिन असते, ती बसवताना वरच्या बाजूला आलीय ना, तेही बघा.

हे सगळं इंजिन गार असताना. १ बारची कॅप दाब धरून असते तेव्हा निव्वळ पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. निम्मं पाणी आणि निम्मं कूलंट असेल तर १२५ च्याही पुढे. अशा वेळी कॅप सैल केली की दाब जातो, आतल्या पाण्यातलं काही त्याच क्षणी वाफ होतं आणि उरलेलं उकळतं पाणी तोंडावर फेकतं. वरचा होज दाबून मऊ लागेपर्यंत कॅपला हात लावायचा नाही. कृपा करून याबाबतीत घाई करू नका.

हवा काढली तरी परत येते?

मग ती हवा नसून सिलिंडरमधला जळालेला गॅस असू शकतो. वर मी म्हटलं की इंजिन मूळ गाडीत तापत नव्हतं, पण जुनं वापरलेलं इंजिन विकत घेतलं असेल तर ते तरी कुठे आपण डोळ्यांनी पाहिलेलं असतं? एकदा खूप तापून हेड वाकलं म्हणूनही ते गाडीतून बाहेर निघालेलं असू शकतं.

सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, कॅप लावून गाडी चालू करा आणि वरचा होज धरा. पाणी तापायच्या आत, पहिल्या एक-दोन मिनिटांतच होज दगडासारखा कडक झाला, तर तो दाब उष्णतेचा नाही. खात्रीसाठी निळ्या द्रवाची चाचणी मिळते: टाकीच्या तोंडावरची हवा त्या द्रवातून ओढायची, पेट्रोल इंजिनाचा गॅस असेल तर निळा रंग पिवळा पडतो. कूलंट मात्र त्यात ओढलं जाऊ देऊ नका, चाचणी वाया जाते. गळती बारीक असेल तर ती भाराखालीच दिसते, म्हणून चढ चढून आल्यावर, इंजिन टाकी उघडण्याइतकं निवल्यावर, पुन्हा चालू करून लगेच चाचणी घ्या.

इंजिन बसवण्याआधी हेड उघडलं असेल तर आणखी एक विचारा: हेडखालचं गॅस्केट (मधली सील) कोणत्या बाजूने बसवलं? काही इंजिनांच्या हेड गॅस्केटवर पुढची बाजू खुणेने दाखवलेली असते. ते उलटं बसलं तरी बोल्ट नीट बसतात, गाडी चालूही होते, पण पाण्याच्या वाटा बंद होतात.

पंखा आणि वारा

पंखा फिरतो म्हणजे काम करतो असं नाही. बोनेट उघडून रेडिएटरच्या पुढच्या बाजूला वहीचा कागद धरा. पंखा चालू असताना कागद रेडिएटरला चिकटून राहायला हवा. उडून पुढे आला तर वायरी उलट्या लागल्यात आणि पंखा इंजिनाची गरम हवा पुढे ढकलतोय. वेगात समोरून येणाऱ्या वाऱ्याशी तो भांडतो. मोठ्या इंजिनाला जागा करायला पंखा रेडिएटरच्या मागून काढून पुढे लावला असेल तर वायरी उलट करून दिशा बदलते, पण पात्यांचा बाक मागून ओढण्यासाठीचा असतो, त्यामुळे हवा कमी येते. पुढे लावायचा तर त्यासाठी बनवलेलाच पंखा हवा.

पंख्याभोवतीचं आवरण जागा नाही म्हणून काढून टाकलं असेल, तर पंखा आपल्या वर्तुळापुरतीच हवा ओढतो आणि रेडिएटरचे कोपरे तसेच राहतात. आवरण बसवा, आणि रेडिएटरच्या कडेच्या फटी फोमने बुजवा. वारा नेहमी सोप्या वाटेने जातो. गाडीच्या पोटाखालचा प्लॅस्टिकचा पत्रा नव्या इंजिनाला अडतो म्हणून काढलेला असेल, तर वेगात तापणाऱ्या गाडीत तोच दोष असू शकतो. तो परत लावा, हवं तर कापून.

पंखा पूर्ण वेगात फिरत असताना त्याच्या कनेक्टरवर व्होल्ट मोजा. बॅटरीवर १४ आणि पंख्यावर साडेअकरा मिळाले तर अडीच व्होल्ट बारीक वायरीत, रिलेत किंवा अर्थिंगमध्ये मुरतायत. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक मी तरी चालवून घेत नाही.

इग्निशनचं टायमिंग फार मागे असेल, म्हणजे ठिणगी उशिरा पडत असेल, किंवा सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबला असेल तरी इंजिन जास्त तापतं. गाडी ओढत नसेल तर तेही बघून घ्या.

पाणी फिरतंय का?

आता माझ्या गाडीकडे. गाडी तापलेली आणि थर्मोस्टॅट नक्की पूर्ण उघडा असताना रेडिएटरच्या दोन्ही तोंडांवर तापमान मोजा. दोन्हीकडे जवळजवळ सारखंच आणि खूप गरम असेल तर पाणी फिरतंय पण हवा उष्णता नेत नाहीये. वरचं खूप गरम आणि खालचं बरंच गार असेल तर पाणी आत रेंगाळतंय. माझ्याकडे चढावरून आल्यावर वर १०६ आणि खाली ५५ होतं. निरोगी गाडीत भाराखाली हा फरक बहुधा दहा-पंधरा अंशांच्या आत असतो.

आधी होज पाहिला. पंप खालच्या होजमधून पाणी ओढत असतो, त्यामुळे मऊ होज वेगात आतल्या आत चपटा होतो आणि गाडी थांबवून बोनेट उघडेपर्यंत पुन्हा गोल. दोघांनी मिळून बघावं लागतं: एकाने तीन हजार आरपीएमपर्यंत रेस द्यायची, दुसऱ्याने होजवर नजर ठेवायची. अशा होजमध्ये आत स्प्रिंग घालावी लागते. माझा होज ठीक होता.

मग हीटरचे पाइप. थर्मोस्टॅट खालच्या, म्हणजे पाणी आत शिरायच्या तोंडाशी असेल, तर काही इंजिनांत हीटरमधून परतणारं गरम पाणीच त्याला उघडायचा इशारा देतं. हीटर नको म्हणून ती दोन्ही तोंडं बूच मारून बंद केली की थर्मोस्टॅटला गरम पाणी लागतच नाही आणि तो फार उशिरा उघडतो. बूच न मारता दोन्ही तोंडं एका होजने एकमेकांना जोडायची. माझ्या गाडीत तीही जोडलेली होती. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्लाही मिळाला होता, तो मी मानला नाही. पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की ती वाट कायमची उघडी राहते आणि गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनात जातं.

शेवटी बेल्टकडे बघत बसलो. इंजिन बसवताना एसीचा कंप्रेसर आणि पॉवर स्टिअरिंगचा पंप काढून टाकला होता, आणि एक आखूड बेल्ट क्रँक (इंजिनाची मुख्य फिरती पुली), अल्टरनेटर आणि वॉटर पंप यांच्यावरून थेट फिरवला होता. बेल्टची खाचांची बाजू पंपाच्या पुलीवर. पंपाची पुली मात्र गुळगुळीत होती, खाचा नसलेली! गुळगुळीत पुली बेल्टच्या पाठीवर चालायची असते, आणि पाठीवर चालणारी पुली क्रँकच्या उलट दिशेला फिरते. त्या इंजिनाच्या मूळ गाडीतली बेल्टची आकृती काढून पाहिली. तिथे बेल्ट पंपाला पाठ लावूनच जात होता. म्हणजे माझा पंप चार महिने उलटा फिरत होता.

उलटा फिरणारा असा पंप पाणी अजिबात ढकलत नाही असं नसतं. पाणी त्याच दिशेने जातं, फक्त फार थोडं. म्हणूनच उभ्या गाडीत काही कळत नव्हतं, आणि भार आला की काटा चढायचा.

उपाय म्हणून एक जास्तीची पुली बसवली, लांब बेल्ट आणला आणि मूळ आकृतीप्रमाणे पाठीवरून नेला. त्याच चढावर, तसंच ऊन असताना, वर ९६ आणि खाली ८६. खालच्या होजला आता हात टेकवत नाही.

तुमच्याकडे कारण कोणतंही निघो, दुरुस्तीनंतर पहिले तीन-चार दिवस रोज सकाळी गार इंजिनावर टाकीतली पातळी बघा. पहिल्या एक-दोन सकाळी ती थोडी उतरते, कारण उरलीसुरली हवा बाहेर पडते, तेवढं भरून घ्या. चौथ्या दिवशीही पातळी उतरलेली दिसली आणि खाली जमिनीवर थेंब नसेल, तर निळ्या द्रवाची चाचणी पुन्हा घ्या.